सावकाश रंगवलेला फटकारा

पॉप आर्टने आधीच्या चित्रकलेची टिंगल केली, हा समज इतका रुळला आहे की चित्र पाहण्याआधीच निकाल लागलेला असतो. ‘लाइफ’ मासिकाने १९४९ मध्ये जॅक्सन पोलॉक हा अमेरिकेतला सर्वश्रेष्ठ चित्रकार आहे का, असे विचारले. १९६४ मध्ये त्याच मासिकाने पॉप आर्टचा चित्रकार रॉय लिक्टनस्टाइन याच्याबद्दल तो सर्वांत वाईट आहे का, असे विचारले. पुढच्याच वर्षी लिक्टनस्टाइनने कुंचल्याच्या फटकाऱ्यांची मालिका सुरू केली. पोलॉक, द कूनिंग यांच्या पिढीत रंगाचा फटकारा आणि ओघळ म्हणजे चित्रकाराच्या अंतरंगातल्या खळबळीचा पुरावा मानला जाई. लिक्टनस्टाइनने तोच फटकारा काळ्या बाह्यरेषेत बांधला, सपाट रंगाने भरला, मागे छपाईचे ठिपके पेरले. क्षणात उमटल्यासारखे दिसणारे सारे त्याने सावकाश, मोजूनमापून रंगवले. ही टिंगल असती तर एका चित्रात संपली असती. उत्स्फूर्तताही आता एक ठरावीक खूण झाली आहे, हे त्याला दाखवायचे होते, आणि मला ते पटते.

मोनेच्या बाबतीत हे वाचन आणखी खोल जाते. मोनेने १८९२ ते १८९४ या काळात रुआँच्या कॅथीड्रलची दर्शनी बाजू बदलत्या प्रकाशात तीसहून अधिक कॅनव्हासवर रंगवली. १९६९ मध्ये लिक्टनस्टाइनने तीच इमारत निव्वळ ठिपक्यांत मांडली. जवळ गेले की कॅथीड्रल विरघळते, मागे सरकले की उभे राहते. (वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून पाहा.) पण रंगांचे तुकडे प्रेक्षकाच्या डोळ्यात जुळवणे, एकच आकृती रंग बदलून पुन्हापुन्हा काढणे, हे मोनेनेच केले नव्हते का? मोनेच्या रंगवण्याचे छापखान्याशी असलेले हे नाते आपल्याला लिक्टनस्टाइनच्या ठिपक्यांमुळे दिसते.

ही नुसती नक्कल, हा आक्षेप जुना आहे. अर्ल लोरान या अभ्यासकाने सेझानच्या चित्ररचनेवरील पुस्तकात काढलेली आकृती लिक्टनस्टाइनने १९६२ मध्ये जवळपास तशीच रंगवली, लोरान संतापला. पण तिथे विषय सेझान नव्हताच. सेझानला बाणांत आणि रेषांत बसवणारी शिकवणी हा विषय होता. कॉमिक्सच्या चित्रकारांची तक्रार मात्र अशी झटकता येत नाही. लिक्टनस्टाइनच्या १९६३ च्या ‘व्हॅम!’ या चित्राची मूळ चौकट कॉमिक्सचा चित्रकार अर्व्ह नोविक याची. रुआँ पाहताना मोने आठवावा, ही चित्राची अपेक्षाच होती, ‘व्हॅम!’ पाहताना नोविक आठवावा, अशी नव्हती.