पाच हजार वर्षांचा हिशेब

आज एका पुढाऱ्याचा जमाखर्च मांडू या. नाव स. का. पाटील. आडनाव मराठी, गाव कोकणातले, आणि हयात गेली मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून!

जमेची बाजू आधी. असहकाराच्या हाकेसरशी कॉलेज सोडले, तुरुंग भोगला. १९४९ ते १९५२ मुंबईचे महापौर. यातले एक अक्षर आम्ही खोडत नाही. शत्रूच्याही पदरात त्याचे माप घालावे, ही आपली रीत.

आता खर्च बघा. मुंबई प्रदेश काँग्रेसच्या गादीवर बसून या गृहस्थांनी मुंबईचे वेगळे राज्य मागितले. का? तर मुंबई ज्यांनी भांडवल घातले त्यांची म्हणे! आणि ज्यांनी गिरणीत घाम गाळला, गोदीत पाठी मोडून घेतल्या, ते कोण? भाडेकरू? २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर साहेब गर्जले, पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही. शेजारी मोरारजी होतेच. लोकांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळ्या सुटल्या, १५ माणसे पडली. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला.

आणि पाच हजार वर्षे किती दिवसांत सरली? १ मे १९६० ला! साडेचार वर्षेसुद्धा लागली नाहीत.

पण साहेबांचे काय बिघडले? काही नाही! १९५७ ला दक्षिण मुंबईतून निवडून आले आणि थेट केंद्रात मंत्री. पाटबंधारे, दळणवळण, मग अन्नखाते. मे १९६० मध्ये इकडे महाराष्ट्राचा मंगल कलश आला, तिकडे हे वॉशिंग्टनला अमेरिकेच्या १ कोटी ६० लाख टन गव्हाच्या करारावर सही करत होते. १९६३ ला कामराज योजनेत खुर्ची गेली, १९६४ ला रेल्वेखाते मिळाले. हुतात्म्यांच्या घरी चूल पेटते की नाही, हे विचारायला कोणी गेले नाही.

शेवटी १९६७ उजाडले. मुंबईच्या या अनभिषिक्त राजाला दक्षिण मुंबईत पाडले कोणी? जॉर्ज फर्नांडिसने! मंगळूरहून पोटासाठी आलेला, चौपाटीच्या बाकावर झोपलेला पोरगा. मग १९६९ च्या पोटनिवडणुकीत साहेब लोकसभेत गेले ते गुजरातच्या बनासकांठ्यातून. मुंबईने दार लावले ते लावलेच.

बघा म्हणजे! मराठी आडनावाने मुंबई तोडायला निघालेला माणूस, आणि त्याला घरी बसवणारा कानडी मुलखातला कामगार पुढारी. आम्ही भांडलो ते जातीशी नाही, परप्रांतीयाशी नाही. थैलीच्या जोरावर शहर आपल्या नावावर करू पाहणाऱ्यांशी.

म्हणून सांगतो, आजही कोणी मराठी आडनाव पुढे करून मत मागायला दारात आला, तर पाणी द्या, बसायला घोंगडी द्या, आणि एवढेच विचारा: बाबा रे, चाळीतल्या माणसाला उठवायची वेळ येईल तेव्हा तू कोणाच्या बाजूला उभा राहशील? उत्तर देताना चाचरला, तर १९६७ विसरू नका.

जय महाराष्ट्र!