बांधावरच्या गप्पा : नवा फोन आणि कोरडे वाफे



गेल्या खेपेस कांद्याच्या रोपाविषयी लिहिताना, पुढच्या वेळी लागणीचे सांगेन असे कबूल केले होते. लागण झाली. पण तिच्याआधी फोनचे सांगावे लागते आहे, कारण या फोनापायी लागण चार दिवस लांबली आणि त्या चार दिवसांत आमच्या घरी जे घडले ते लागणीहून महत्त्वाचे आहे.

माझा जुना फोन नोकिया ११००. हा फोन २००३ साली निघाला आणि जगभर २५ कोटींच्या वर खपला. मी २००५ साली उसाच्या बिलातून घेतला. डोक्यावर विजेरी, बटणांवर सलग रबर, त्यामुळे आत धूळ जायची नाही. एकदा तो गव्हाणीत पडला. गाईने चाटून पुसून काढला, तरी वाजत होता. रविवारी बाजाराला जाताना भरून घेतला की गुरुवारपर्यंत बघायला नको. भर उन्हात आकडे दिसत. कांदा भरताना मातीच्या हाताने दाबला तरी चाले.

मग बदलला का, असे विचाराल. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपले पीक आपणच शेतात उभे राहून फोटो काढून नोंदवायचे. ते जुन्या फोनचे काम नव्हे. तीन वर्षे मी शेजारच्या पोराच्या हातापाया पडून नोंद केली. शेवटी मुलगा पुण्याहून दिवाळीला आला तो नवा फोन घेऊनच. "आबा, आता कुणाची मिनतवारी नको," म्हणाला. मायेने आणला होता. मी कुंकू लावून घेतला.

जुन्याची बॅटरी ८५० ची, नव्याची ५,००० ची. आकडा जवळजवळ सहापट. पण जुना चार दिवस पुरे आणि हा सकाळी भरला की दिवेलागणीला मान टाकतो. एवढा मोठा काचेचा दिवा दिवसभर पेटता ठेवायचा, आणि आमच्या ओढ्याकाठी रेंज कमी, म्हणून टॉवर शोधण्यातही त्याची ताकद जाते. नातू त्यावर ट्रॅक्टरची चित्रे बघतो ते वेगळेच.

दुसरे दुखणे बोटांचे. ही काच बोटाच्या कातडीतून जाणाऱ्या अगदी बारीक विजेवर चालते. खुरप्या-फावड्याने घट्टे पडलेले, कोरडे बोट तिला कळतच नाही. ओले बोट लावले तर नको तेवढे कळते आणि भलतीकडेच फोन लागतो. आलेला फोन घ्यायचा तर हिरवे चिन्ह सरकवायचे. ते सरकेपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून देतो. सौ. म्हणाल्या, "तुमच्या बोटानं व्हायचं न्हाई, नाक लावून बघा." खोटे वाटेल, पण नाकाने लागला.

हे सगळे हसण्यावारी गेले असते. खरी चूक झाली ती तालुक्याच्या दुकानात, आणि ती माझीच. दुकानदाराने माझा नंबर आणि विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरमधले सिम, दोन्ही दुसऱ्या कंपनीत घालून दिले. म्हणाला, स्वस्त पडेल. (स्वस्त म्हणजे २८ दिवसांचा महिना. असे १३ महिने भरले की यांचे वर्ष होते. आपल्या पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून येतो, यांचा दरसाल.) स्टार्टरची पेटी जुन्या पद्धतीची, तिला टूजीचे जाळे लागते. नव्या कंपनीचे आमच्याकडे टूजी नाहीच. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही.

आता आमचा भाग जुन्नर तालुक्यातला. इथे बिबट्या डोंगरात कमी आणि उसात जास्त राहतो. उसातच व्यातो, पिले वाढवतो. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रसुद्धा आहे. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की विहिरीवर जायचे ते उसाच्या दोन फडांमधल्या वाटेने. म्हणून तर आम्ही पै-पै साठवून मोबाईल स्टार्टर बसवला. लाईट आली की त्याचा फोन येतो, अंथरुणातून बटण दाबले की मोटार चालू. ती पेटी म्हणजे आमच्या सौ.ची झोप आहे, असे म्हटले तरी चालेल.

पहिल्या रात्री स्टार्टरचा फोन आलाच नाही. मला वाटले, लाईट नाही, आणि मी झोपलो. सकाळी बारा बाया लागणीला हजर आणि वाफे कोरडे ठणठणीत. त्यांना आल्या पावली दुसऱ्याने नेले, ते चार दिवसांसाठी.

दुसऱ्या रात्री साडेदहाला मी स्वतः निघालो. नवा फोन खिशात, त्याची विजेरी झकास, दूरवर उजेड पडतो. आमची जुनी रीत अशी : विहिरीवर पोचलो की घरी सौ.च्या बटणाच्या फोनवर एक मिसकॉल द्यायचा. निम्मी वाट झाली आणि विजेरी गपकन विझली. बॅटरी कमी आहे म्हणून विजेरी बंद, असे पडद्यावर आले आणि थोड्या वेळाने पडदाही गेला. दोन्ही बाजूंना ऊस. पलीकडच्या वस्तीवर कुत्री एकाएकी भुंकायला लागली आणि एकाएकी गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा जास्त भीती वाटली. मोठ्याने खोकत, पायाने वाट चाचपत विहीर गाठली, मोटार चालू केली आणि खोलीचे दार लावून आत बसून राहिलो.

मिसकॉल गेला नाही, हे माझ्या ध्यानात होते. पण परत अंधारात निघायचा धीर होईना.

किती वेळ गेला कोण जाणे. ताट वाजवल्याचा आवाज आला. बघतो तर एका हातात कंदील, काखेत दांडके आणि गळ्यात दोरीने अडकवलेले पितळी ताट बडवीत सौ. एकटीच त्या उसाच्या वाटेने आलेली. मला बघितल्यावर ताट वाजवायचे थांबली. "फोन का केला न्हाई?" एवढेच म्हणाली आणि खाली बसली. तिचे हात थरथरत होते, ते थंडीने नव्हे. ४१ वर्षांच्या संसारात मी तिला असे बसलेले दोनदाच पाहिले आहे. उजाडेपर्यंत आम्ही दोघे त्या खोलीतच होतो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. कंपनी एकदा बदलली की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही, म्हणून टूजी चालणाऱ्या कंपनीची दोन नवी सिमे घेतली. एक स्टार्टरच्या पेटीत घातले आणि नवे नंबर तिच्यात नोंदवून घेतले, दुसरे जुन्या नोकियात. आता फोरजीवर चालणाऱ्या पेट्याही मिळतात, पण जुनी धड असताना कशाला? तुमच्याकडे असा स्टार्टर असेल तर कुणी कितीही स्वस्त सांगो, त्यातले सिम काढू देण्याआधी पेटी कशावर चालते ते मेकॅनिकला विचारा.

नवा फोन घरात चार्जरला असतो. हरभऱ्याची नोंद त्यावर मी स्वतः केली, फोटो फार सुरेख आला. रविवारी मुलाचा फोन आला. "आबा, कसा चाललाय फोन?"

"बरा चाललाय," मी म्हणालो. "फोटो लई झ्याक येतो."

त्याला आनंद झाला. त्या रात्रीचे आम्ही दोघांनीही त्याला सांगितलेले नाही. सौ. चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मग कोपरीच्या खिशातल्या जुन्या फोनाकडे.

लागणीचे पुढच्या खेपेस, नक्की.