पथकाचा निधी, पथकाची वही

जून उजाडला की स्काउट-गाइड पथकाच्या कामाला सुरुवात होते आणि खर्चाचा प्रश्न पुढे येतो. शिबिराचे शुल्क, प्रवासभाडे, गणवेश, तंबू, दोर. शहरातले पालक हा भार उचलतात. वाडीवस्तीवरच्या शाळेत मात्र राज्य पुरस्कार शिबिराचा खर्च ऐकून एखादी हुशार गाइड मुकाट्याने नाव मागे घेते आणि आपण ‘इच्छुक नाही’ असे लिहून पुढच्या नावाकडे वळतो. निधीचा विचार या मुलीपासून सुरू व्हायला हवा.

केंद्राच्या युवक मंत्रालयाचे अर्थसाहाय्य राष्ट्रीय संघटनांसाठी असते. पथकाने त्याची वाट पाहू नये. खासदार निधी प्रामुख्याने टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे, त्यातून शिबिराचा शिधा येणार नाही. आता सगळ्यांच्या तोंडी सीएसआर असतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ते काम राबवणाऱ्या संस्थेला एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी लागते. विश्वस्त संस्था असेल तर आयकराची 12ए आणि 80जी नोंदणीही. बत्तीस मुलांच्या पथकाला हे जमणार नाही आणि जमवण्याचा खटाटोपही करू नये. ते काम जिल्हा संस्थेचे किंवा शाळा चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेचे. शिवाय एकदाच होणारा मेळावा सीएसआरमध्ये बसत नाही. तालुक्यातल्या दहा शाळांत वर्षभर प्रथमोपचार आणि आपत्ती व्यवस्थापन शिकवण्याचा कार्यक्रम मात्र बसू शकतो. ते शिकवण्याची तयारी आपल्याकडे आहेच. प्रस्तावात पहिल्या पानावर ती दिसली पाहिजे. चळवळीचा इतिहास नंतर.

पथकाच्या खऱ्या आवाक्यातला पैसा गावातच आहे आणि त्याच्याकडे आपले लक्ष कमी जाते. नागरी सहकारी बँक, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना यांना निव्वळ नफ्यातला काही भाग धर्मादाय कामासाठी बाजूला काढण्याची मुभा सहकार कायद्यात आहे. त्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. म्हणून अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचला पाहिजे, डिसेंबरच्या शिबिराच्या तोंडावर नव्हे. आणि ‘यथाशक्ती मदत करावी’ असे मोघम लिहू नये. ‘सहा मुलींचे शिबिरशुल्क आणि एसटीभाडे’ किंवा ‘चार तंबू’ असे लिहून सोबत दुकानदाराचे दरपत्रक जोडावे. कशाला हो म्हणायचे हे संचालकांना कळले की निर्णय सोपा होतो.

परदेशी गेलेले माजी विद्यार्थीही आपुलकीने विचारतात. इथे सावध राहायला हवे. भारतीय नागरिक असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. देणगीदाराने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी अंशदान ठरते आणि एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला ती घेता येत नाही. पैसे जमा होण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारून घ्यावे.

‘खरी कमाई’, म्हणजे मुलांनी स्वतःच्या श्रमाने मिळवलेला पैसा, या सगळ्याच्या आधी येते. तिचे अनेक ठिकाणी खाद्यमहोत्सवात रूपांतर झाले आहे: आया घरी पदार्थ करतात, मुले टेबलामागे उभी राहतात, बाबा विकत घेतात. पैसा पालकांच्याच खिशातून येतो, फक्त दुसऱ्या वाटेने. मुलांनी कागदी पिशव्या करून वाण्याला विकल्या, पणत्या रंगवल्या, सोसायटीतली रद्दी गोळा करून विकली, रोपे वाढवून विकली, तर रक्कम कमी येईल, पण ती त्यांची असेल. शिबिराच्या खर्चाचा छोटासा वाटा जरी मुलांनी असा कमावला, तरी देणगी मागायला जाणाऱ्या स्काउटरचा शब्द वजनदार होतो. काटकसर आपल्या नियमांतच आहे. तिचा सराव इथे होतो.

मग हिशेब. शाळेच्या किंवा संस्थेच्या नावाने पावती, बँक खात्यातून व्यवहार, दर महिन्याला जुळवलेली रोखवही. खर्चाचा पैसा स्काउटरच्या वैयक्तिक खात्यात ठेवण्याची सवय, हेतू कितीही स्वच्छ असला तरी, बंद व्हायला हवी. वही संघनायकांना दाखवा, बेरीज त्यांना करू द्या. देणगीदाराला शिबिरानंतर पंधरा दिवसांत खर्चाचा तपशील आणि उरलेल्या रकमेचा उल्लेख असलेले पत्र पाठवा. दुसऱ्या वर्षी त्याच दारात उभे राहायचे आहे.

तंबाखू, पानमसाला, मद्य यांच्याशी संबंधित कोणाचाही पैसा पथकाने घेऊ नये, तो दुसऱ्या उत्पादनाच्या नावाने आला तरी. आणि स्कार्फवर, टोपीवर, बाहीवर देणगीदाराचे बोधचिन्ह लागणार नाही हे पहिल्याच भेटीत सांगावे. आभाराचा फलक शिबिराच्या प्रवेशद्वारापाशी लावता येतो. गणवेश मुलांचा आहे.