पैसा आला, पण वेळेचे काय?

केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचे होते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघाचा तो क्वार्टरबॅक होता. वैद्यकीय शिक्षणाच्या पूर्वतयारीसाठी आवश्यक असलेला रसायनशास्त्राचा वर्ग आणि संघाचा सराव यांची वेळ एकच आली. शिष्यवृत्ती खेळासाठी होती, त्यामुळे निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. वर्ग सुटला आणि कोल्टरने पुढे मानसशास्त्र घेतले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळापुढे साक्ष देताना त्याने ही हकीकत सांगितली. शिष्यवृत्तीवर खेळणारे विद्यार्थी हे विद्यापीठाचे कर्मचारी आहेत, त्यांना संघटना स्थापन करू द्यावी, अशी त्याची व त्याच्या सहकाऱ्यांची मागणी होती. मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी ती मान्य केली. परंतु ऑगस्ट २०१५ मध्ये मंडळाने या प्रकरणात अधिकारक्षेत्र वापरण्यास नकार दिला आणि संघटनेचा प्रयत्न तेथेच संपला.

त्यानंतरच्या दहा वर्षांत चित्र पार पालटले आहे. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःचे नाव व छबी वापरून जाहिरातीतून पैसे मिळविण्याची मुभा त्यांना मिळाली. जून २०२५ मध्ये तर ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट मोबदला देण्याचा मार्ग खुला झाला. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी ठरली. हौशीपणाच्या नावाखाली अब्जावधी डॉलरचा खेळ फुकटात खेळवून घेण्याची प्रथा मोडीत निघाली, हे योग्यच झाले. मात्र कोल्टरची मूळ तक्रार केवळ पैशाची नव्हती. ती वेळेचीही होती आणि तिच्याबाबत या निकालांनी फारसे काही केलेले नाही.

कागदावर नियम कडक आहेत. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन अर्थात ‘एनसीएए’च्या १९९१ पासून लागू असलेल्या नियमानुसार हंगामात दिवसाला चार आणि आठवड्याला २० तासांहून अधिक सराव घेता येत नाही. खरी मेख आहे ती मोजणीत. सामन्याचा दिवस, तो कितीही लांबला तरी, तीन तासांचाच धरला जातो. प्रवास, दुखापतीवरील उपचार आणि ‘ऐच्छिक’ म्हटला जाणारा व्यायाम हिशेबात येत नाही. ऐच्छिक व्यायामाला न जाणाऱ्या खेळाडूचे संघातील स्थान किती दिवस टिकते, हे सांगायला नको. नॉर्थवेस्टर्न प्रकरणात प्रादेशिक संचालकांनी नोंदविलेल्या निष्कर्षानुसार फुटबॉलपटूंचे हंगामातील आठवड्याचे ४० ते ५० तास खेळावर जात होते आणि ऑगस्टमधील शिबिरात हा आकडा ५० ते ६० पर्यंत पोहोचत होता. एवढे तास तर पूर्णवेळ नोकरीतही द्यावे लागत नाहीत.

दुसरीकडे, पात्र राहण्यासाठी अभ्यासाच्या अटीही आहेतच. प्रत्येक सत्रात पूर्णवेळ प्रवेश म्हणजे किमान १२ श्रेयांक आवश्यक. तिसऱ्या वर्षापूर्वी पदवीच्या अभ्यासक्रमाचा ४० टक्के, चौथ्यापूर्वी ६० टक्के आणि पाचव्यापूर्वी ८० टक्के भाग पूर्ण व्हावा लागतो. हा नियम हेतूने चांगला असला तरी त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. दुसऱ्या वर्षाअखेर ४० टक्के गाठायचे तर विषय बदलून पाहण्याची चैन परवडत नाही. दुपारच्या प्रयोगशाळा सरावाशी टक्कर घेतात म्हणून विज्ञान व अभियांत्रिकी मागे पडतात आणि एकाच संघातील अनेक खेळाडू सोयीच्या एक-दोन शाखांत एकवटतात. पदवी मिळते, ती हवी होती तीच असते असे नाही. पहिल्या श्रेणीतील खेळाडूंचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण ‘एनसीएए’च्या स्वतःच्या मोजपट्टीनुसार अलीकडे ९० टक्क्यांच्या आसपास आहे. ते अभिमानाने सांगितले जाते. पण त्या आकड्यातून कोल्टरचा रसायनशास्त्राचा वर्ग दिसत नाही.

सोयीच्या अभ्यासक्रमांचे टोक नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गाठले गेले. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तेथे १८ वर्षे नावापुरते वर्ग चालले. त्यांत व्याख्याने नसत, एक निबंध दिला की उत्तम श्रेणी मिळे. लाभ घेतलेल्या ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. हे वर्ग सर्वच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून नियमभंग सिद्ध होत नाही, असे सांगून २०१७ मध्ये ‘एनसीएए’ने विद्यापीठावर त्याबद्दल दंडात्मक कारवाई करण्याचे टाळले. खेळाडूंना शिकविण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न त्या दिवशी अनुत्तरितच राहिला.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दच मुळी कायद्याच्या बचावासाठी रूढ झाला, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १९५० च्या दशकात कोलोरॅडोत सामन्यातील दुखापतीने मृत्यू पावलेल्या एका खेळाडूच्या पत्नीने कामगार-भरपाई मागितली होती. असे दावे रोखण्यासाठी ‘एनसीएए’चे तत्कालीन कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्या कारकिर्दीत या शब्दाचा आग्रह धरला गेला. तो दावा १९५७ मध्ये फेटाळला गेला.

आता या ओढाताणीत विमानप्रवासाची भर पडली आहे. दूरचित्रवाणी हक्कांच्या पैशापायी २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरची ‘पॅक-१२’ ही जुनी परिषद जवळपास रिकामी झाली. लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी ही विद्यापीठे ‘बिग टेन’मध्ये गेली, तर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यालगतची स्टॅनफर्ड व बर्कली ‘अटलांटिक कोस्ट’ परिषदेत! भूगोलाची ही थट्टा फुटबॉलला परवडते, कारण सामने आठवड्यातून एकदाच होतात. व्हॉलीबॉल वा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीला मात्र आठवड्याच्या मधल्या दिवसांत चार हजार किलोमीटरचा प्रवास करून, तीन तासांचा कालफरक सोसून परतायचे असते आणि दुसऱ्या दिवशी चाचणी असू शकते. तिच्या खेळाला या हक्कांतून मिळणारा वाटाही किरकोळच असतो.

भारतीय वाचकाला यातील एक उदाहरण जवळचे वाटेल. उंच उडीपटू तेजस्विन शंकर शिष्यवृत्तीवर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकला आणि २०१८ व २०२२ मध्ये ‘एनसीएए’चा विजेता ठरला. २०२२ मधील त्याच स्पर्धेमुळे तो चेन्नईतील आंतरराज्य स्पर्धेला मुकला, म्हणून राष्ट्रकुल संघातून त्याला प्रथम वगळण्यात आले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, अखेर त्याला स्थान मिळाले आणि त्याने बर्मिंगहॅमला कांस्यपदक जिंकले. विद्यापीठाचे वेळापत्रक आणि देशाचे वेळापत्रक यांची अशी गाठ पडली की भुर्दंड खेळाडूलाच पडतो. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडूंना वाढीव गुण व शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. परंतु बुडालेली प्रात्यक्षिके पुन्हा कोण घेणार, हा प्रश्न येथील महाविद्यालयांतही अनेकदा प्राध्यापकांच्या सौजन्यावरच सुटतो.

नव्या मोबदल्याचा लाभ अमेरिकेत खेळणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना कितपत मिळणार, हेही धूसर आहे. एफ-१ व्हिसावर विद्यापीठाबाहेर काम करण्यावर कडक निर्बंध असल्याने जाहिरातींच्या करारापासून त्यातील बहुतेकांना दूर राहावे लागते. त्याच व्हिसासाठी पूर्णवेळ अभ्यासक्रमाची अटही त्यांना पाळावी लागते. अमेरिकी सहकाऱ्याच्या खात्यात मोबदला जमा होत असताना, त्याच संघातील नाशिकच्या वा नैरोबीच्या खेळाडूला तेवढेच तास सराव करून परीक्षेला बसायचे असते.