गळती कोणाची, दुरुस्ती कोणाची?

पावसाळा संपून दोन महिने उलटले तरी ज्या भिंतीवरची ओल हटत नाही, त्या भिंतीचा संबंध पावसाशी नसतो. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराशी असतो. मुंबईतील जुन्या चाळीत किंवा वीस-पंचवीस वर्षांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत ही गोष्ट लहान मूलही सांगू शकेल. छतावरचा पिवळट डाग, रंगाचे पोपडे, कपाटामागची काळी बुरशी आणि डागाखाली ठेवलेली बादली हे दृश्य इतके सरावाचे झाले आहे, की त्याला प्रश्न म्हणण्याचेही कोणाच्या मनात येत नाही. भाडे, पाणी, वीज यांवर मोर्चे निघाले. गळतीवर मात्र शेजाऱ्याशी भांडण तेवढे होते.

वस्तुतः या भांडणाच्या मुळाशी बांधकामाची एक साधी रचना आहे. न्हाणीघराचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा खोल घेतात, त्या खोलगट भागात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरतात व वर फरशी बसवितात. नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला किंवा फरशीच्या फटीतील सिमेंट झिजले, की पाणी या भरावात उतरते आणि तेथेच मुक्काम करते. वरच्या माणसाची फरशी कोरडी असते. खालच्याच्या डोक्यावर एक अदृश्य टाके भरलेले असते. म्हणून वरचा शपथेवर सांगतो, की आमच्याकडे काही गळत नाही. आणि तो खोटे बोलत नसतो.

गळती कोठली हे ठरविणे फारसे अवघड नाही. सर्व नळ बंद असतानाही ठिबक अखंड चालू राहिली, तर दोष बहुधा पाणी आणणाऱ्या नळात असतो. आंघोळी आटोपल्यावर ती वाढत असेल, तर संशय फरशीवर आणि सांडपाण्याच्या नळावर घ्यावा. ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर दोन बोटे रंगीत पाणी दिवसभर साठवून ठेवले, तर बराचसा उलगडा होतो. परंतु त्यासाठी वरच्याने दार उघडावे लागते, आणि घोडे तेथेच अडते.

दार उघडेपर्यंत खालचा माणूस काय करतो? पोपडे खरवडून तैलरंग लावतो. चार पैसे असतील तर प्लॅस्टरचे खोटे छत ठोकून डाग झाकून टाकतो. दोन्ही उपाय घातक आहेत. सिमेंट-काँक्रीटचा अल्कधर्मी गुण जोवर टिकून असतो, तोवर आतील सळई सुरक्षित असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड ओलाव्याच्या साहाय्याने हा गुण हळूहळू नाहीसा करतो आणि समुद्राकाठच्या शहरात क्षारांची त्यात भर पडते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते आणि भोवतीचे काँक्रीट फोडून बाहेर येते. खोट्या छताच्या वर हे सारे निवांतपणे चालू राहते. प्रकृतीचे म्हणावे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. दम्याशी व श्वसनाच्या विकारांशी त्यांचा संबंध तीत स्पष्टपणे मांडला आहे. दिवसाचे अधिक तास या हवेत कोण काढते, हे सांगण्याची गरज नसावी.

एकाच्या व्यवहाराचा भार तिसऱ्यावरच पडतो आणि बाजारभावात तो कोठे दिसत नाही, हे १९२० साली ए. सी. पिगू यांनी कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. न्हाणीघराची गळती हे त्याचे चोख उदाहरण होय. दुरुस्तीचा खर्च वरच्याचा, लाभ खालच्याचा. मग वरच्याने फरशी का उखडावी? चाळीस वर्षांनी रोनाल्ड कोस यांनी असा युक्तिवाद केला, की हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना काहीच खर्च पडत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत सौदा करून वाट काढतील. वाटाघाटींना खर्च पडतो हे कोस स्वतः पुरते जाणून होते. त्यांच्या अनुयायांना मात्र त्याचा विसर पडला. दाराला दार लागून राहणाऱ्या, एकाच नळावर आणि एकाच जिन्यावर जन्म काढणाऱ्या माणसांना वाटाघाट किती महाग पडते, हे कोणत्याही चाळीत जाऊन पाहावे.

सहकारी संस्थांपुरता कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरील सामाईक नळ आणि पावसाचे पाणी यांमुळे होणारी गळती संस्थेने दूर करावयाची. संडास, मोरी यांची अंतर्गत गळती संबंधित सदनिकाधारकांनी. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी जमवावा, असेही त्यांत आहे. मेख आहे ती येथे. हा खर्च इमारत बांधतानाचा. १९८५ साली ज्या सदनिकेच्या बांधकामास एक लाख रुपये लागले असतील, तिचा किमान दुरुस्ती निधी आजही वर्षाला साडेसातशे रुपयेच भरतो. सर्वसाधारण सभेला तो वाढविता येतो. पण निवृत्तिवेतनावर जगणारे सभासद हात वर करीत नाहीत, आणि त्यांना दोष देणेही कठीण आहे.

भाड्याच्या चाळींची कहाणी याहून कडू आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. त्या काळी हे आवश्यक होते; गिरणगावातील कामगार कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर राहिले ते याच कायद्यामुळे. चूक झाली ती पुढे. भाडे गोठले, चुना-सिमेंटाचे भाव गोठले नाहीत, आणि मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतले. १९६९ साली सरकारने इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसविला, तेव्हा तब्बल १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. मंडळाच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा घातली गेली. तीवरचा भार भाडेकरूंवर, नाही तर इमारत दुरुस्तीपलीकडे गेल्याचा शेरा. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे अवाजवी ठरविले आणि १९९९ च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीस वाट दिली. त्याच कायद्यात एक तरतूद आहे: मालक दुरुस्ती करीत नसेल, तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा अधिक नाही. महिना दोनशे रुपये भाडे असलेल्याला यातून वर्षाकाठी सहाशे रुपये मिळतात. तेवढ्यात नळवाला फरशीकडे पाहून परत जाईल.

या दुर्दशेचा सारा दोष भाडे नियंत्रणावर टाकण्याची टूम आता रूढ झाली आहे. ती अर्धसत्य आहे. मुंबईतील भायखळ्याजवळ बाबू गेनू मंडईची जी इमारत २०१३ च्या सप्टेंबरात कोसळली आणि ६१ माणसे जिच्याखाली गेली, ती महानगरपालिकेच्या मालकीची होती आणि वयाने तीस-पस्तीस वर्षांचीच होती. तेथे कोणता गोठलेला भाडेकरू आडवा आला होता? देखभाल हे खर्चाचे काम आहे, उद्‌घाटनाचे नव्हे. म्हणून खाजगी मालकाप्रमाणे सार्वजनिक मालकही ते टाळतो.

त्यात एक नवा हितसंबंध आला आहे. पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र मिळू लागल्यापासून मोडकळीस आलेली इमारत ही मालमत्ता ठरली आहे. सळई जितकी लवकर गंजेल, तितकी संमतिपत्रे लवकर मिळतात. बिल्डर मुद्दाम पाणी मुरवितो असे कोणी म्हणत नाही. पण ते थांबविण्यात त्याचा काडीइतका लाभ नाही, एवढे पुरेसे आहे. आणि पुनर्विकास लांबला, तर संक्रमण शिबिरात पिढी जाते.

मग करावे काय? महापालिकेच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात गळतीचा निवाडा करणारा एक अभियंता असावा. तक्रार आल्यावर ठरावीक दिवसांत वरच्या घरात जाऊन चाचणी घेण्याचा आणि कारण लेखी नोंदविण्याचा त्याला अधिकार असावा. वरच्याने काम केले नाही, तर ते महापालिकेने करून घ्यावे आणि खर्च हप्त्याहप्त्याने मालमत्ता करातून वसूल करावा. चाळीत तो मालकाच्या नावे पडेल. वरचे बिऱ्हाड एखाद्या विधवेचे किंवा कामावरून काढलेल्याचे असेल, तर हप्ते बिनव्याजी आणि लांब मुदतीचे ठेवावेत. अन्यथा गळती बंद होईल आणि घर जाईल.

यंत्रणा अगदी नव्याने उभारावी लागेल असेही नाही. उपकरप्राप्त इमारतींची पाहणी मंडळ दर पावसाळ्यापूर्वी करते आणि अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. खांब, तुळया आणि जिने पाहणाऱ्या याच पथकाने मोऱ्या, ट्रॅप आणि मागील बाजूचे सांडपाण्याचे नळही तपासावेत. एवढे मात्र करावे, की पाहणी जानेवारीत व्हावी. फरशी उखडून, ओला भराव काढून, तळ वाळवून नवा थर द्यावयास उन्हाळ्याचे दोन-तीन महिने हाताशी लागतात. मे महिन्याच्या अखेरीस निघणाऱ्या यादीचा उपयोग घर सोडून जाण्याची नोटीस बजावण्यापुरताच होतो.