आरोग्यविचार : घास अडकूं लागला तर

प्राणहिता जेथें गोदावरीस मिळते, त्या सिरोंचा तालुक्यांत रोजचें अन्न मुख्यतः भाताचें. मऊ भात, पातळ वरण, आंबील हें सारें विनासायास घशाखालीं उतरतें. म्हणूनच तेथें गिळण्याची अडचण फार दिवस लपून राहूं शकते. घरांतील वडील माणसानें प्रथम भाकरी सोडली, मग घट्ट भात टाळला, शेवटीं नुसत्या पेजेवर भागविलें, कीं “आतां वय झालें” म्हणून सर्वांचें समाधान होतें. वास्तविक हा वयाचा धर्म नव्हे. हें रोगाचें लक्षण आहे.

घशापासून जठरापर्यंत अन्ननलिका सुमारें २५ सेंटिमीटर लांब असते. तिचे स्नायू लाटेप्रमाणें आकुंचन पावून घास पुढें ढकलतात. गिळूं लागतांच ठसका लागत असेल, पाणी नाकावाटे परत येत असेल, तर दोष बहुधा घशाच्या स्नायूंत वा मज्जातंतूंत असतो. अर्धांगवायूनंतर असें पुष्कळदां घडतें. अशा रोग्यास निजल्या निजल्या पाणी पाजूं नये. तें श्वासनलिकेंत शिरून फुप्फुसाचा दाह होतो.

घास उतरून छातीमागें अडकत असेल, तर अन्ननलिकेचा विचार करावा. प्रथम घट्ट व पुढें पातळही अडूं लागलें, तर मार्ग अरुंद होत आहे असें समजावें. जुन्या आम्लपित्ताच्या व्रणानें हें होतें, तसेंच कर्करोगानेंही. दोन्हीं आरंभापासून अडत असल्यास स्नायूंची गति बिघडल्याचा संभव अधिक. जेवण सुरळीत उतरतें, पण एरव्हीं घशांत गोळा वाटतो, हा प्रकार निराळा व बहुधा निरुपद्रवी.

चंद्रपूर-गडचिरोलीकडे तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेल्या खर्र्याचें व्यसन फार. तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशीं तंबाखू-सुपारीचा संबंध निर्विवाद आहे. गडचिरोलींत २०१६ सालीं दारू व तंबाखू यांविरुद्ध ‘मुक्तिपथ’ मोहीम सुरू झाली. तथापि घरांतील डबी बंद करणें हें घरच्यांचेंच काम.

स्त्रियांविषयीं एक गोष्ट विशेष सांगावयाची. सर्वांमागून जेवणाऱ्या सुनेनें वा सासूबाईंनीं पानांत काय टाकलें, हें कोण पाहतो? रक्तांतील लोह दीर्घकाळ कमी राहिल्यास क्वचित् अन्ननलिकेच्या वरच्या भागांत पातळ पडदा धरतो व घास अडूं लागतो. वेळीं ओळखल्यास हा विकार बरा होण्याजोगा आहे.

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारें २०० किलोमीटर. इतक्या दूर जावयाचें म्हणून “पावसाळा सरूं द्या” असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु अडचण वाढत असेल, वजन घटत असेल, किंवा ओकारींत रक्त दिसत असेल, तर दुर्बिणीनें तपासणी करून घेण्यास विलंब लावूं नये. लाळही गिळवेनाशी झाल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. आपल्या घरीं कोणाचें अन्न महिन्यांमागून महिने मऊ होत चाललें आहे, याकडे पंक्तींत वाढणाऱ्यानें लक्ष ठेवावें. रोग्याच्या आधीं तें त्यासच कळणार आहे.