तोलामोलाची जोड

कोल्हापूरच्या मुलखात जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरला, म्हणजे पहिली गडबड उठते ती जोडी ठरविण्याची. मल्ल रिंगणात उतरतात, माती कपाळी लावतात आणि आपल्या तोलाचा कोण आहे हे पाहत फेरी घालतात. वस्ताद मंडळी दोघांना शेजारी शेजारी उभे करतात. उंची पाहतात, छाती पाहतात, वय विचारतात. जोड विषम दिसली, तर भोवतालचे प्रेक्षकच आरडाओरडा करून ती मोडावयास लावतात. तालमीत नुकताच जाऊ लागलेला पोर आणि नामांकित पैलवान यांची कुस्ती लावावी, असे तेथे कोणाच्या मनातही येत नाही. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या आधी होतात, मोठ्या कुस्त्या शेवटी होतात. परंतु माती एकच असते आणि हलगीही एकच असते.

ज्या मुलखाला ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते, त्याच मुलखात धावण्याच्या व फेकीच्या स्पर्धा भरविताना मात्र तिचा विसर पडतो, हे नवल होय.

शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर हे या मुलखातलेच एक शहर. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते वसविले आणि आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव त्याला दिले. आधी रेषा आखाव्या व मग घरे उभारावी, अशा शिस्तीने वसलेले हे गाव. त्याच्या सरळ गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. येथील विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, तेव्हा अर्ध्या एकराचा धनी आणि मोठा बागायतदार एकाच मातीवर मांडी घालून बसलेले दिसतात. मैदान सर्वांचे असते ही गोष्ट या गावाला कोणी नव्याने शिकवावयास नको.

तरीही कोणत्याही शाळेच्या क्रीडादिनाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पहाटेच्या गारव्यात फक्कीने पट्ट्या आखल्या जात आहेत. शिट्टी वाजते, मुले धावत सुटतात, टाळ्या होतात. कडेला, लिंबाच्या सावलीत, एक मुलगा इतरांच्या चपला व दप्तरे सांभाळत बसलेला असतो. त्याचा डावा पाय लहानपणापासून आखूड आहे. पाण्याच्या पिंपाजवळ एक मुलगी उभी असते. तिला दहा पावलांपलीकडचे नीट दिसत नाही. तिसऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून शर्यतीची शिट्टी त्याच्यासाठी वाजतच नाही. या मुलांना मैदानावरून कोणी हाकलून दिलेले नसते. नावे घेण्यासाठी गुरुजी वर्गात आले, तेव्हा त्यांना कोणी विचारलेच नव्हते, इतकेच. यांच्याखेरीज आणखी पुष्कळ मुले तेथे असतात. त्यांच्या शरीरात उणे काही नाही, पण ती मंद धावतात. पहिल्याच फेरीत शेवटी आल्यावर त्यांचा वर्षाचा खेळ संपतो आणि उरलेला दिवस टाळ्या वाजविण्यात जातो. ज्या दिवसाला शाळेचा क्रीडादिन म्हणावयाचे, तो प्रत्यक्षात दहाबारा चपळ मुलांचा दिवस ठरतो.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. स्पर्धा म्हणजे स्पर्धा. जो सर्वांत वेगवान असेल तो जिंकेल. गट पाडीत बसले तर जिंकण्याला अर्थ काय उरेल? उत्तर जोरदार वाटते खरे, परंतु कुस्तीच्या फडापुढे ते टिकत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते सर्वांत हलक्या, म्हणजे ५२ किलोंच्या गटात. तेथे त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ साली हेलसिंकीला ते ५७ किलोंच्या गटात लढले आणि त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिंपिक पदक. वजनाचे गट नसते आणि त्यांची गाठ शंभर किलोंच्या मल्लाशी घातली असती, तर ते पदक कोठून आले असते? तरी गटामुळे त्या पदकाची किंमत कमी झाली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे वेगळे गट असतात. मुले व मुली यांच्या शर्यती निराळ्या होतात. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोंचा, तर स्त्रियांचा ४ किलोंचा असतो. ही सारी जोड लावण्याचीच रीत नव्हे काय? आता प्रश्न उरतो तो एवढाच, की ही रीत आणखी दोन पावले पुढे का नेऊ नये.

खाशाबा लंडनला गेले, त्याच वर्षाची आणखी एक हकीकत आहे. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचा उद्घाटनसोहळा झाला, आणि त्याच दिवशी तेथून काही कोसांवर, स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयाच्या हिरवळीवर, सोळा माजी सैनिक चाकांच्या खुर्च्यांत बसून तिरंदाजीची स्पर्धा खेळले. त्यांत दोन स्त्रिया होत्या. महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा होऊन या साऱ्यांची कमरेखालची शक्ती गेली होती. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी ती स्पर्धा योजिली होती. पुढे १९६० साली रोम येथे जे खेळ झाले, तेच पहिले पॅरालिंपिक म्हणून ओळखले जातात.

त्या वाटेने जाणाऱ्यांत या मुलखाचे लोकही आहेत. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली आणि पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुका आहे. तेथील करगणीच्या सचिन खिलारी यांचा डावा हात लहानपणी सायकलवरून पडल्याने कायमचा अधू झाला. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी गोळा १६.३२ मीटर दूर फेकला व रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक कॅनडाच्या खेळाडूला १६.३८ मीटरला गेले. अंतर पडले ते अवघे सहा सेंटिमीटर, म्हणजे तीनचार बोटांचे! हा सामना पाहून कोणाला कीव आली असेल असे वाटत नाही. श्वास मात्र रोखला गेला असेल.

कीव हा शब्द येथे मुद्दाम आणला आहे. काही सज्जन दिव्यांग मुलांसाठी वर्षातून एक निराळा दिवस ठेवतात, सर्वांना सारखीच बक्षिसे वाटतात, खाऊ देतात आणि छायाचित्रे काढून घेतात. हेतू चांगला असतो. परंतु जेथे हरण्याची सोय नाही तेथे जिंकण्यात काय गोडी? बारा वर्षांच्या मुलाला हे उत्तम कळते. त्याला हवी असते ती खरी शर्यत आणि खरा पंच. आणि त्याचा वर्गमित्र ज्या दिवशी धावतो, त्याच दिवशी आणि त्याच मैदानावर. खऱ्या पंचाचे नियम या खेळांतही कडक असतात. अंध धावपटू आपल्या सोबत्याच्या हाताशी आखूड दोरीने बांधलेला धावतो. सोबत्याने त्याला ओढावयाचे नाही, ढकलावयाचे नाही आणि अंतिम रेषा त्याच्याआधी ओलांडावयाची नाही. ओलांडली, तर धावपटू बाद होतो.

जयसिंगपुरासारख्या ठिकाणी खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पॅरालिंपिकमध्ये दृष्टी, हात, पाय, उंची, बुद्धी यांनुसार कितीतरी गट असतात आणि ते ठरविण्यासाठी प्रशिक्षित परीक्षक असतात. तालुक्याच्या गावी तेवढे परीक्षक कोठून आणावे? आणि एखाद्या गटात एकच मुलगी असली, तर तिने कोणाशी धावावे?

यावर एक सोपी तोड आहे. १९६८ साली अमेरिकेत शिकागो येथे बौद्धिक दिव्यांगांसाठी स्पेशल ऑलिंपिक नावाचे खेळ सुरू झाले. तेथे गट पाडतात ते मुख्यतः वय व कामगिरी पाहून. आधी सर्वांची चाचणी धाव घेतात. मग ज्यांच्या वेळा जवळजवळ आहेत त्यांना एकत्र धाववितात. पहिल्याच्या व शेवटच्याच्या वेळेत सुमारे पंधरा टक्क्यांहून अधिक फरक नसावा, असा त्यांचा आडाखा आहे. समजा, एका मुलाला शंभर मीटरला वीस सेकंद लागले. वीसचे पंधरा टक्के तीन. तेव्हा तेवीस सेकंदांपर्यंतची मुले त्याच्या जोडीची झाली. ही पद्धत कोल्हापूरच्या वस्तादाला लगेच पटेल, कारण ती त्याचीच आहे. फक्त डोळ्यांऐवजी घड्याळ वापरले आहे. तिच्यात आखूड पायाचा मुलगा आणि मंद धावणारा धडधाकट मुलगा एकाच रेषेवर उभे राहू शकतात. शेवटी कोण येईल हे दोघांनाही आधी ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, मुले लबाडी करतील. चाचणीत मुद्दाम हळू धावतील आणि सोप्या गटात जाऊन बसतील. करतीलही! मुलांची हुशारी कमी लेखू नये. परंतु अंतिम शर्यतीत चाचणीपेक्षा फारच सरस वेळ आली, तर धावकास बाद करता येईल, असा नियमही त्या खेळांत करून ठेवलेला आहे.

बाकीची तयारी किरकोळ म्हणावी अशीच आहे. ऐकू न येणाऱ्यासाठी शिट्टीबरोबर तांबडे निशाण खाली आणावे. बसून गोळा फेकणाऱ्यासाठी बळकट खुर्ची मेखा ठोकून दोरांनी घट्ट आवळावी, म्हणजे ती हलत नाही. अंध मुलीसाठी हातभर दोरी आणि तिच्याइतका धावणारा एक सोबती लागतो. हा सोबती तिच्याच वर्गातला असला तर उत्तम. त्यालाही बक्षीस द्यावे. कार्यक्रम तासभर लांबेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी पाहुण्यांची भाषणे थोडी आखडती घेतली, तर कोणी तक्रार करील असे दिसत नाही.

कायद्यानेही ही वाट मोकळी करून दिली आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अभ्यासाबरोबर खेळाची व करमणुकीची संधीही शाळांनी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे त्यात सांगितले आहे. कायदा कागदावर असतो. मैदानावर तो आणावयाचा, तर आरंभ नावे घेण्यापासूनच केला पाहिजे. वर्गात यादी घेऊन आलेल्या गुरुजींनी ‘कोण कोण धावणार?’ असे विचारून, वर गेलेले हात मोजून परत जाऊ नये. हजेरीपट क्रमाने वाचावा आणि प्रत्येक नावापुढे चाचणीच्या धावेची वेळ लिहावी. चपला सांभाळणाऱ्याचे नावही त्या हजेरीपटात असतेच. चाचणीत त्याला शंभर मीटरला एकोणतीस सेकंद लागले, तर एकोणतीस लिहावे, आणि तेवढ्या वेळेचे आणखी कोण आहेत ते शोधावयास लागावे.